ग्रीन कार्ड मिळालं म्हणून नाशिकचा मेडिक्लेम बंद करायचा?

गोदातीर
'इंदिरानगर' या नावाने लिहिणाऱ्यांनी इथे काल लिहिलं : "मुलं अमेरिकेत असतील तर निवृत्त आईवडिलांनी सरळ ग्रीन कार्ड घ्यावं. पासष्टीनंतर मेडिकेअर मिळतंच. सहा महिने तिकडे, सहा महिने नाशिकला. इकडचा मेडिक्लेम उगाच भरत बसू नये." खाली भराभर अंगठे पडले. हे वाचून एखाद्याने खरंच पॉलिसी सोडली तर ती परत मिळणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

पासष्टीला आपोआप मेडिकेअर, म्हणजे अमेरिकेचा सरकारी आरोग्य विमा, मिळतं ते तिथे १० वर्षं, म्हणजे ४० क्वार्टर (तिमाह्या), काम करून कर भरलेल्यांना. नवराबायकोचे क्वार्टर एकमेकांना चालतात. मुलाचे आईवडिलांना चालत नाहीत. आपल्याकडून गेलेल्यांचं खातं शून्य, म्हणून त्यांना ग्रीन कार्डवर सलग ५ वर्षं राहावं लागतं आणि त्यानंतरही ते विकत घ्यावं लागतं. २०२६ चे दर : हॉस्पिटलचा भाग 'ए' महिन्याला ५६५ डॉलर, डॉक्टरांचा भाग 'बी' २०२.९० डॉलर. दोघांचे मिळून महिन्याला १,५३५.८० डॉलर, औषधांचा 'डी' वेगळा. नुसता 'बी' घेता येतो, पण मुदतीत घेतला नाही तर उशिराच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला १० टक्के दंड, आणि तो 'बी' आहे तोवर भरायचा.

आता 'सलग पाच वर्षं' आणि 'सहा महिने नाशिकला' एकत्र बसवून दाखवा. दरवर्षी १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर विमानतळावरच विचारतात, राहता कुठे? तिथे ग्रीन कार्डही धोक्यात येतं.

आणि नाशिकला आल्यावर पडलात तर? मेडिकेअर भारतातल्या उपचाराला पैसे देत नाही. तेव्हा उपयोगी पडणार तो इथलाच मेडिक्लेम. हप्ता चुकला आणि ३० दिवसांची सवलतीची मुदतही गेली की जुन्या आजारांचा वेटिंग पिरियड (त्यांचा क्लेम न मिळण्याचा काळ) नव्याने, ३६ महिन्यांपर्यंत. ६० महिन्यांनंतर कंपनीला 'आजार लपवला' म्हणून क्लेम नाकारता येत नाही (फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी), ते संरक्षणही पहिल्यापासून मोजायचं. सत्तरीत, मधुमेह आणि स्टेंट असताना, नवीन पॉलिसीला कंपनी सरळ नाही म्हणू शकते.

इंदिरानगर
घाबरवणं सोपं असतं. पाच वर्षं काय करायचं ते तुम्ही लिहिलंच नाही, कारण त्याने तुमचा मुद्दा पातळ होतो. ग्रीन कार्ड लागू झाल्यापासून ६० दिवसांत मार्केटप्लेसवर, म्हणजे तिथल्या सरकारी विमा-बाजारावर, खासगी विमा घेता येतो. जुना आजार म्हणून तिथे नाकारता येत नाही आणि म्हातारपणाचा हप्ता तरुणाच्या तिपटीपेक्षा जास्त लावता येत नाही. आपल्याकडे आहे असा नियम? इथे हप्ता दरवर्षी चढतो आणि क्लेमच्या वेळी खोलीभाड्याच्या मर्यादेवर अर्धे पैसे कापतात.

गोदातीर
मार्केटप्लेसचं बरोबर आहे, ते माझ्याकडून राहिलं. पण मुलाने करात आईवडिलांना अवलंबून दाखवलं की त्या हप्त्यावरची सरकारी सवलत मुलाच्या घरच्या उत्पन्नावर ठरते, म्हणजे बहुतेकांना मिळतच नाही. आणि इथल्या हप्त्याचं म्हणाल तर जानेवारी २०२५ पासून ज्येष्ठांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी आयआरडीएआयकडे (विमा नियामकाकडे) जावं लागतं. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवर जीएसटी शून्य आहे.

प्रेसवाला, जेलरोड
विम्यावर भांडा, पण पेन्शन बंद पडली तर तो हप्ता भरणार कशातून? केंद्राच्या पेन्शनरांचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात, ८० वरच्यांचा १ ऑक्टोबरपासून. ईपीएस ९५ वाल्यांचा (पीएफ खात्याची पेन्शन घेणाऱ्यांचा) दिल्या तारखेपासून १२ महिने चालतो. परदेशातून जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी ही दोन अॅप घालून चेहऱ्यावर होतो. अडतं ते पुढे. प्रमाण आयडी (दाखल्याचा क्रमांक) आला म्हणजे बँकेने दाखला स्वीकारला असं नाही. पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) क्रमांकात एक आकडा चुकला किंवा आधारवरचं नाव पीपीओशी जुळलं नाही तर तो नाकारला जातो. आठवड्याने साइटवर स्थिती बघा. चेहरा जुळतच नसेल तर वकिलातीतल्या अधिकाऱ्याची सही घेऊन कागद बँकेला पाठवा.

आणि भारतातला मोबाइल नंबर मरू देऊ नका. ९० दिवस काहीच वापर नसला की नंबर बंद होऊ शकतो, पुढे दुसऱ्याला जातो. बँकेचा ओटीपी त्याच्यावरच असतो. रोमिंग इथून निघण्याआधी सुरू करून घ्या.

इंदिरानगर
हे सगळं भाऊ-पुतणे बघतात की. अमेरिकेत नोटरीसमोर सही करून पॉवर ऑफ अॅटर्नी (कुलमुखत्यारपत्र) पाठवायची, घर, बँक, सगळं चालतं. नोंदणी कायद्याच्या कलम ३३ मध्ये नोटरी चालतो असं स्पष्ट आहे.

दस्तनोंद
पुतण्याला? विक्रीचा अधिकार देणारं कुलमुखत्यारपत्र बिनमोबदला आईवडील, भाऊ, बहीण, नवरा-बायको अशा ठरलेल्या नात्यांत दिलं तर मुद्रांक ५०० रुपये. पुतण्याचं नाव त्या यादीत नाही. त्याला खरेदीखताइतकं शुल्क लागू शकतं. गंगापूर रोडच्या फ्लॅटवर ते किती होईल ते मोजा आणि मग सल्ले द्या.

कलम ३३ मध्ये नोटरी आहे, कबूल. पण तिकडचा नोटरी खरा की खोटा हे इथल्या दुय्यम निबंधकाने ओळखायचं कसं? म्हणून त्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटचं अपोस्टिल (नोटरीची सही खरी असल्याचं सरकारी प्रमाणपत्र) लावा, नाहीतर वकिलातीत सही करा. कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून ३ महिन्यांत मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे नेऊन शुल्क भरायचं. हीच पायरी सगळे विसरतात. मजकुरात फ्लॅट क्रमांक, सर्व्हे क्रमांक आणि 'दस्त निष्पादित करणे व कबुली देणे' हे शब्द हवेत, नाहीतर नोंदणीच्या टेबलावरून परत येतो.

इंदिरानगर
तुम्हा लोकांना प्रत्येक कागदात खोट काढायची सवयच आहे. म्हणूनच माणसं वैतागून जातात.

दस्तनोंद
सवय नाही, ते काम आहे. ज्या शहरात पासपोर्टच्या पुस्तिका आणि मुद्रांक छापले जातात, तिथल्या माणसांनी तरी 'कागद होतो कसातरी' म्हणू नये. जाण्याआधी नाशिकमध्येच निबंधकासमोर मुखत्यारपत्र करून टाकलं तर अपोस्टिलही नको, तीन महिन्यांचं घड्याळही नको. आणि सगळ्यात मोठी गोष्ट : देणाऱ्याची स्मृती गेली, त्याला कळेनासं झालं, की करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र संपतं. नेमकी गरज लागते तेव्हाच ते हातातून जातं. बँकेचं खातं त्याआधीच जोडनावावर आणा, वारस नोंदवा.

औषधदुकान, मेनरोड
मूळ विषय तब्येतीचा होता. सिलनिडिपिन, विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन, ग्लिक्लाझाइड : आपल्याकडे घरोघर चालणारी ही औषधं (पहिलं रक्तदाबाचं, बाकीची मधुमेहाची) अमेरिकेत मिळत नाहीत. ९० दिवसांचा साठा संपला की तिकडचा डॉक्टर एका दिवसात सगळं बदलतो. अॅम्लोडिपिनने पाय सुजतात म्हणून सिलनिडिपिनवर आणलेल्यांना तो पुन्हा अॅम्लोडिपिन देतो आणि सूज परत येते. म्हणून बदल इथल्या डॉक्टरांकडून निघण्याच्या तीन महिने आधी करून घ्या. एचबीए१सी ही रक्ततपासणी मागच्या तीन महिन्यांच्या साखरेचं सांगते, म्हणजे नवीन गोळी लागू पडली का ते इथेच कळेल. चिठ्ठीवर ब्रँड नको, मूळ औषधाचं नाव हवं. गोळ्या स्ट्रिपमध्येच ठेवा, डबीत ओतू नका. स्टेंटचं कार्ड आणि जुना ईसीजी हातातल्या पिशवीत. कॅनडाला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, तिथे साखर मिलिमोलमध्ये मोजतात : आपल्या आकड्याला १८ ने भागा. १८० म्हणजे तिथे १०.

इंदिरानगर
औषधांचं माहीत नव्हतं. मेडिक्लेम बंद करा हे वाक्य मागे घेतो. पुतण्याचंही घेतो. ग्रीन कार्डचं घेत नाही. एकुलता एक मुलगा तिकडे असताना म्हाताऱ्यांनी इथे एकटं पडून राहायचं का, याचं उत्तर तुमच्यापैकी कुणी दिलेलं नाही.

गोदातीर
जाऊ नका असं मी कुठेच म्हटलेलं नाही. जायचं तर पूर्ण जा, किंवा व्हिजिटर म्हणून जाऊन या. व्हिजिटरचा विमा घेताना ठरीव रक्कम देणारा नको, पूर्ण खर्च धरणारा घ्या, आणि ७० व ८० वर्षांनंतर त्याची कमाल रक्कम कुठे उतरते ते आधी वाचा. इथला मेडिक्लेम दोन्ही वेळी चालू. आणि मागे घेतलेलं वाक्य कालच्या मूळ पोस्टवरही दुरुस्त करा. ती अजून पुढे पाठवली जाते आहे.