लाईन गेली की स्विचची सेटिंग उडते, कॉन्फिग (सेटिंगची फाईल) कुठे आणि कशी जपून ठेवावी?

दारव्हा_लॅब: नमस्कार मंडळी. दारव्ह्याजवळच्या एका कॉलेजात लॅब सांभाळतो. सिस्को २९६० स्विच (कॉम्प्युटर नेटवर्कला जोडणारी पेटी) आहे, २४ पोर्टचा. मागच्या आठवड्यात दोन दिवस बसून ऑफिस, लॅब आणि कॅमेरे असे तीन व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगवेगळी नेटवर्कं) वेगळे केले. काल वादळात लाईन गेली, यूपीएसही बसला. सकाळी पाहतो तर सगळे पोर्ट परत मूळच्या व्हीलॅन १ मध्ये! ऑफिसचे आणि पोरांचे कॉम्प्युटर एकाच नेटवर्कात आले. नवल म्हणजे 'शो व्हीलॅन ब्रीफ' या कमांडमध्ये तिन्ही नावं अजून दिसतात. चुकलं कुठं? आणि बॅकअप कशात घेऊ?

कन्सोल_केबल (आर्वी): दादा, तुम्ही सेव्ह केलं नाही. केलेले बदल रनिंग-कॉन्फिगमध्ये (सध्या चालू असलेली सेटिंग) असतात, ती रॅममध्ये राहते, लाईन गेली की गेली. पोर्टची सेटिंग तिथंच होती. व्हीलॅनची नावं मात्र स्विच तेव्हाच्या तेव्हा फ्लॅशमधल्या (लाईन गेली तरी टिकणारी मेमरी) 'व्हीलॅन.डॅट' फाईलमध्ये लिहितो, म्हणून ती वाचली. पोर्ट पुन्हा लावा आणि लगेच 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग' द्या, म्हणजे स्विच सुरू होताना वाचतो त्या फाईलमध्ये सेटिंग उतरते. आम्ही नुसतं 'डब्ल्यूआर' मारतो, काम तेच.

जिनिंग_आयटी (हिंगणघाट): भाऊ, एवढ्यावर थांबू नका. आमच्या जिनिंगमध्ये वीज पडून स्विचच जळाला. स्टार्टअप-कॉन्फिगची कॉपी लॅपटॉपवर होती, ती त्याच मॉडेलच्या दुसऱ्या स्विचवर चढवली. तरी पोर्ट चालेनात! कॉन्फिगमध्ये 'हा पोर्ट व्हीलॅन २० मध्ये' असं होतं, पण नव्या स्विचवर व्हीलॅन २० नव्हताच. 'व्हीलॅन.डॅट' कोणी घेतलीच नव्हती. ऐन हंगामात वजनकाट्याचा कॉम्प्युटर अर्धा दिवस बंद, बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग. तेव्हापासून मी दोन्ही फाईल घेतो. लॅपटॉपवर टीएफटीपी सर्व्हर (नेटवर्कवरून फाईल घेणारा-देणारा साधा प्रोग्राम) चालू करायचा, मग 'कॉपी स्टार्टअप-कॉन्फिग टीएफटीपी:' आणि 'कॉपी फ्लॅश:व्हीलॅन.डॅट टीएफटीपी:'. अडकलं तर विंडोजची फायरवॉल यूडीपी ६९ (टीएफटीपी ज्यावर चालतं तो नंबर) अडवते का ते आधी बघा.

कन्सोल_केबल (आर्वी): बरोबर. एकच स्विच असेल तर मी 'व्हीटीपी मोड ट्रान्सपरंट' करून टाकतो (व्हीटीपी म्हणजे स्विच आपापसात व्हीलॅनची यादी वाटतात ती सोय), मग व्हीलॅनही कॉन्फिगमध्येच लिहिले जातात. आणि टीएफटीपीला पासवर्ड नसतो, काम झालं की सर्व्हर बंद करा. जुनी फाईल चालू स्विचवर परत आणताना सांभाळा: 'कॉपी टीएफटीपी: रनिंग-कॉन्फिग' केल्यानं जुन्या ओळी पुसल्या जात नाहीत, नव्या त्यात मिसळतात. सगळं जसंच्या तसं हवं असेल तर स्टार्टअप-कॉन्फिगवर कॉपी करून रीलोड (स्विच रीस्टार्ट) द्या. रीलोड देताना 'सेव्ह करू का' विचारलं तर नाही म्हणा, नाहीतर आणलेली फाईल पुसली जाते.

दारव्हा_लॅब: केलं. फायरवॉलच आडवी आली होती. दोन्ही फाईल पेन ड्राइव्हवर घेतल्या, नावात तारीख टाकली. दुपारच्या सुट्टीत मुद्दाम प्लग काढून पाहिला, तिन्ही व्हीलॅन पोर्टांसकट जागेवर आले. लय उपकार झाले, दादा आणि भाऊ दोघांचे.