मदत हवी आहे: कार्बन बाणांचे इन्सर्ट बटमध्येच अडकून राहतात, कोणता गोंद वापरू?

नवा_कंपाउंड:
मंडळी, आमच्या क्लबमधली काही मुलं इंडियन राउंडच्या (बांबूच्या धनुष्याने खेळतात त्या प्रकाराच्या) बांबूच्या बाणांवरून कंपाउंडवर (कप्प्यांच्या धनुष्यावर) आली आहेत. बाण कार्बनचे, आतला व्यास 6.2 मिमी, नळीच्या तोंडात चिकटवायचे ॲल्युमिनियमचे इन्सर्ट आणि त्यांत स्क्रूने बसणारे 100 ग्रेन वजनाचे पॉइंट (टोकं). इन्सर्ट फेविक्विकने बसवलेले आहेत. फोमच्या बटमधून (निशाण्याच्या ठोकळ्यातून) बाण ओढला की शाफ्ट, म्हणजे बाणाची नळी, हातात येतो आणि पॉइंट इन्सर्टसकट आत राहतो. दुसरा कोणता गोंद घ्यावा? अरल्डाइटने (एपॉक्सीने) बसवलं तर पुढे कधी काढता येईल का? आणि जे अजून घट्ट आहेत ते काढायला शाफ्टचं टोक गॅसवर धरलं तर चालेल का? ॲल्युमिनियमच्या बाणांना तसं करताना पाहिलं आहे.

ताणलेली_दोरी:
शेवटचा प्रश्न आधी घेतो: कार्बन शाफ्ट ज्योतीवर अजिबात धरू नका. त्यातले तंतू एपॉक्सी राळेने एकमेकांना धरून असतात. जास्त तापलं की राळ खराब होते, तंतूंची पकड सुटते आणि बाहेरून बऱ्याचदा काहीच दिसत नाही. असा बाण सुटताना फुटला तर तुकडे धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. तापवायचं ते फक्त धातूला.

फेविक्विक का सुटतं? तो साधा सायनोॲक्रिलेट गोंद, सुकल्यावर काचेसारखा कडक होतो. ताण सहन करतो, पण बाण बटवर आपटल्यावर बसणारा धक्का पुन्हा पुन्हा सोसत नाही. त्यातून शाफ्ट आतून साफ केलेला नसेल तर गोंद कार्बनला न चिकटता भुकटीला चिकटतो. निघालेला एखादा इन्सर्ट निरखून पाहा. त्यावर काळी भुकटी दिसली तर दोष गोंदाचा कमी, सफाईचा जास्त.

पिसं_आणि_नॉक:
सफाईचं सविस्तर लिहितो, कारण निम्मं काम तेच आहे.

निघालेल्या शाफ्टच्या आतला जुना गोंद काठीला गुंडाळलेल्या 220 नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने खरवडा. तोंडापासून 3-4 सेंमी पुरे, इन्सर्ट त्याहून आत जात नाही. मग इअरबड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून आत फिरवा आणि बड पांढरा बाहेर येईपर्यंत नवे घेत राहा. पहिले चार-पाच काळे येतातच. इन्सर्टही त्याच पेपरने खरखरीत करून अल्कोहोलने पुसा, त्यानंतर बोट लावू नका. ॲसिटोन हवंच असेल तर फक्त इन्सर्टला, शाफ्ट त्यात भिजत ठेवायचा नाही.

शाफ्टचं तोंड काटकोनात आहे ना, हेही बघा. तिरकं असेल तर इन्सर्टची कड एकाच बाजूला टेकते, सगळा धक्का तिथेच बसतो आणि शाफ्ट तोंडाशी चिरतो. सपाट काचेवर पेपर ठेवून, शाफ्ट उभा धरून, फिरवत घासलं तर बरंच सुधारतं. कापायचाच झाला तर वेगाने फिरणारी अपघर्षक चकतीच वापरा. हॅकसॉ किंवा पाइप कटरने तंतू फाटतात. घासताना-कापताना एन-95 मास्क आणि चष्मा हवाच. ती भुकटी फुप्फुसाला वाईट आणि कातडीला खाजरी. ओल्या कपड्याने पुसून घ्या, फुंकर मारू नका.

गरम_गोंद:
मुलांच्या बाणांना माझं मत हॉट मेल्टला (तापवून वितळवायच्या गोंदाला), तेही तिरंदाजीसाठी येणाऱ्या कमी तापमानाच्या कांडीला. पॉइंट इन्सर्टमध्ये स्क्रूने घट्ट बसवा, पॉइंटचं टोक पकडीत धरा आणि ज्योत पॉइंटला द्या. कांडी टेकवल्यावर वितळेल एवढंच तापवायचं. गोंदातून धूर किंवा बुडबुडे आले तर जास्त तापलं, निवू द्या. इन्सर्टभर पातळ थर द्या, फिरवत आत ढकला, बाहेर आलेला गोंद पुसा आणि टोक लगेच थंड पाण्यात. आधी लावलेलं अल्कोहोल पूर्ण उडालेलं असू द्या आणि बाटली ज्योतीपासून लांब, हे सांगायला नको.

फायदा असा की काढणं सोपं. पॉइंट बसवूनच, फक्त इन्सर्टपुरतं टोक उकळत्या पाण्यात दहा-पंधरा सेकंद धरा आणि पकडीने फिरवत ओढा. नाही हललं तर थोडं थांबून पुन्हा. जोर करून शाफ्ट पिळू नका.

ताणलेली_दोरी:
हॉट मेल्टची एक गोम आहे. दाट फोममधून बाण ओढताना घर्षणाने टोक चांगलंच तापतं, गोंद मऊ होतो आणि नेमकी हीच तक्रार परत येते. बट नवं आणि घट्ट असेल तर एपॉक्सीच बरं. नाहीतर बाण एका दमात न उपटता शाफ्ट बटजवळ धरून फिरवत सावकाश काढायची मुलांना सवय लावा. मे महिन्यात बंद गाडीत बाण ठेवू नका.

अरल्डाइटबद्दल: 24 तास लागणारं साधं घ्या. पाच मिनिटांचं पटकन धरतं, पण तेवढ्यावर मारायला काढायचं नाही. राळ आणि हार्डनर ट्यूबवर दिलेल्या प्रमाणातच. हार्डनर वाढवून लवकर सुकत नाही, उलट मऊ राहतं. काढणं मात्र कठीण. एपॉक्सी सुटायला लागणारी उष्णता आणि शाफ्ट बिघडायला लागणारी उष्णता यांत अंतर फार थोडं. म्हणून एपॉक्सी लावण्याआधी शाफ्टची लांबी आणि पॉइंटचं वजन पक्कं करून घ्या.

नवा_कंपाउंड:
एपॉक्सीनेच करतो. एक अडचण: चाचणीचा एक बसवला, पण ढकलून सोडला की इन्सर्ट एखाद मिलिमीटर परत बाहेर येतो.

पिसं_आणि_नॉक:
मागचं नॉक (दोरीत अडकणारी खाच) काढलं नाही ना? आत हवा कोंडते आणि इन्सर्टला मागे रेटते. नॉक काढा, मग बसवा. गोंद फक्त इन्सर्टला लावला तर शाफ्टच्या काठावर खरवडला जातो, म्हणून आधी टूथपिकने आतल्या भिंतीलाही अगदी पातळ पुसा. जास्त झाला तर तो आत ढकलला जाऊन घट्ट होतो आणि प्रत्येक बाणाचं वजन वेगळं येतं. बसवल्यावर कड पुसून बाण पॉइंट खाली करून उभे ठेवा. म्हणजे ओला गोंद नळीत ओघळत नाही आणि बाणाच्याच वजनाने इन्सर्ट टेकून राहतो.

गरम_गोंद:
एक राहिलं. ज्यांचे इन्सर्ट उपटून आलेत ते शाफ्ट पुन्हा बांधण्याआधी तपासा. कापसाचा बोळा लांबीभर फिरवा. धागा अडकला तिथे तंतू उठलेला आहे. मग दोन्ही टोकं धरून, चेहऱ्यापासून लांब, हलका बाक द्या आणि थोडं थोडं फिरवत चारही बाजूंनी तेच करा. कडकड ऐकू आली किंवा एका बाजूला जास्त वाकला तर तो बाद. बाद शाफ्ट टेप गुंडाळून तिथेच मोडून टाका, कोपऱ्यात ठेवलात तर कुणीतरी पोरगं उचलून दोरीला लावेल.