मदत हवी आहे: जुनी पेट्रोल पिकअप थंड असताना लगेच सुरू होते, गरम झाली की कुंथते

नव्वदच्या दशकातली चार सिलिंडरची पेट्रोल पिकअप आहे, मल्टिपॉइंट इंजेक्शनवाली. ओबीडी-टूच्या (गाडीला स्कॅनर जोडायच्या प्रमाणित व्यवस्थेच्या) आधीची असल्यामुळे स्कॅनर लावून लाइव्ह डेटा बघायची सोय नाही. चेक इंजिनचा दिवा किती वेळा मिचकावतो ते मोजायचं आणि कोड ओळखायचा. कोड एकही येत नाही.

सकाळी थंड इंजिन एका सेल्फला सुरू होतं, आयडलिंगही स्थिर. पण गाडी फिरून आली, बंद केली आणि पुन्हा चावी फिरवली की सेल्फ बराच वेळ फिरतच राहतो. मग एक-दोन सिलिंडरवर कसंबसं उचलते, मिसिंग मारत गदगदते, मागून काळपट धूर आणि पेट्रोलचा वास. थोडी रेस दिली की खोकत खोकत मोकळी होते आणि नंतर काही झालंच नाही अशी चालते. ओव्हरहीट नाही, डॅशबोर्डचा काटा कायम मध्यावर. ॲव्हरेज मात्र हळूहळू उतरलंय.

प्लग, प्लग वायर, एअर फिल्टर, पेट्रोल फिल्टर नवे आहेत. थ्रॉटल बॉडी आणि आयडल व्हॉल्व्ह साफ केले. बॅटरी चांगली, गरम असतानाही सेल्फ जोरात फिरतो. मेकॅनिक म्हणतो पंप बदला. त्यासाठी टाकी उतरवावी लागेल, म्हणून आधी विचारतोय. पंपच दोषी आहे हे टाकीला हात न लावता कळेल का?

दहा-बाराचा पाना:
मेकॅनिकचं म्हणणं अगदीच हवेत नाही. इंजिन बंद केलं की कूलंट फिरायचं थांबतं, पंखा थांबतो, आणि ब्लॉकची धग वर चढून बोनेटखालचं तापमान उलट वाढतं. फ्युएल रेल, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी, त्यात भाजून निघते. रेलमध्ये दाब टिकून असेल तर पेट्रोल द्रवच राहतं. पंपातला चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल टाकीत परत जाऊ न देणारी झडप), रेग्युलेटर (रेलचा दाब नेमका ठेवणारा) किंवा एखादा इंजेक्टर गळत असेल तर दाब उतरतो, पेट्रोलची वाफ होते आणि इंजेक्टर पेट्रोलऐवजी वाफ फवारतात. काही जपानी गाड्यांत तर एवढ्याचसाठी वेगळा सोलेनॉइड असतो. गरम स्टार्टच्या वेळी तो रेग्युलेटरचा व्हॅक्यूम तोडून रेलचा दाब थोडा वाढवतो.

बिनखर्चाची चाचणी: गरम गाडीत चावी ऑन करा, दोन सेकंद थांबा, ऑफ करा. असं दोन-तीनदा करून मग सेल्फ मारा. चावी ऑन केली की पंप क्षणभर चालून रेल भरतो. यानंतर गाडी सरळ सुरू झाली तर दाब उतरतोय हे नक्की.

रिटर्न लाइन:
पानाभाऊ, तुमचं सगळं बरोबर, पण त्यांनी काळा धूर आणि पेट्रोलचा वास लिहिलाय. वाफेमुळे पेट्रोल कमी पडलं असतं तर धूर कशाचा? धागाकर्ते, पार्ट बदलण्याआधी एवढंच ठरवा की गरम असताना पेट्रोल कमी पडतंय की जास्त. दोन्हींत गाडी सारखीच कुंथते, इलाज मात्र उलटे.

ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा आणि तसाच सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शन गाड्यांत ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) याला ‘इंजिन ओव्हर झालंय’, म्हणजे आत पेट्रोल जास्त झालंय, असं समजतो आणि इंजेक्टर बंद ठेवतो किंवा पेट्रोल अगदी कमी करतो. अशी पटकन उचलली तर आत पेट्रोल जास्त आहे. उचलताच पाय काढा, नाहीतर आरपीएम एकदम चढेल.

आणखी एक. बंद केल्यावर लगेच सुरू केली तरी त्रास होतो, की अर्धा तास उभी राहिल्यावरच? यावर बरंच अवलंबून आहे.

धागाकर्ता:
दोन्ही करून पाहिलं. चावी ऑन-ऑफ करून काही फरक नाही. पेडल तळाशी दाबून मात्र लगेच उचलली, धूरही कमी. आणि हो, बंद करून तिथल्या तिथे सुरू केली तरी कुंथते. अर्ध्या तासाने किंचित जास्त, पण त्रास तोच.

रिटर्न लाइन:
मग टाकी तूर्तास जागेवर राहू द्या. पंपाचा चेक व्हॉल्व्ह गेला तर पेट्रोल कमी पडतं, जास्त होत नाही. गळका इंजेक्टर जास्त करतो, पण त्याला थेंब थेंब साचायला वेळ लागतो. लगेच सुरू करतानाही त्रास असेल तर माझा पहिला संशय ईसीयूला इंजिन थंडच वाटतंय यावर.

रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी तेवढी काढून हुंगा. आत पेट्रोल ओलं असेल तर डायफ्रॅम फाटलाय आणि पेट्रोल थेट मॅनिफोल्डमध्ये जातंय. कोरडी असेल तर कूलंट टेम्परेचर सेन्सरकडे वळा. डॅशबोर्डच्या काट्यावर जाऊ नका. पुष्कळ जुन्या गाड्यांत काट्याचा सेन्सर वेगळा आणि ईसीयूचा वेगळा असतो.

चोक ओढा:
इंजिनवर पाचवा इंजेक्टर आहे का बघा, कोल्ड स्टार्टचा. जुन्या सिस्टीममध्ये असायचा, इनटेक मॅनिफोल्डवर एकटाच. त्याचा थर्मो-टाइम स्विच (इंजिन गरम झालं की त्याला बंद करणारा) अडकला की गरम इंजिनातही पेट्रोल ओततो. कनेक्टर काढून गरम स्टार्ट घ्या. गरम इंजिनाला त्याची गरजच नसते.

धागाकर्ता:
पाचवा इंजेक्टर नाही. रेग्युलेटरची नळी कोरडी. कूलंट सेन्सरचा कनेक्टर काढून मल्टिमीटर लावला. थंड असताना साधारण अडीच किलो-ओहम, पूर्ण गरम झाल्यावर ३०० ओहमच्या आसपास. म्हणजे सेन्सर ठीक आहे ना? मग पुन्हा इंजेक्टरच?

रिटर्न लाइन:
सेन्सर ठीक आहे. पण तुम्ही सेन्सरच मोजलात. ईसीयूला वायर आणि कनेक्टरसकट सगळं दिसतं. बॅटरीची वायर काढा, ईसीयूचा कनेक्टर सोडवा, सेन्सर जागेवर जोडलेला ठेवा आणि ईसीयूच्या कनेक्टरमधल्या त्याच दोन पिनांवर पुन्हा मोजा. इंजिन गरम असतानाच.

कारण सांगतो. हा सेन्सर गरम होईल तसा त्याचा रेझिस्टन्स घटतो. समजा कनेक्टर गंजून वाटेत एक किलो-ओहम वाढला. थंड इंजिनात अडीचचे साडेतीन होतात, ईसीयूला वाटतं २० ऐवजी १२ अंश आहेत. जरा जास्त पेट्रोल गेलं तर थंड इंजिनाला चालतं, म्हणून सकाळी सगळं गोड. पण गरम इंजिनात ३०० चे १३०० होतात आणि ८० अंशांचं इंजिन ईसीयूला ४० च्याही खाली, साधारण ३७ अंशांवर दिसतं. तो थंड इंजिनाच्या हिशोबाने पेट्रोल देतो. चालू झाल्यावर ऑक्सिजन सेन्सर थोडंफार सावरून घेतो, सेल्फ मारताना त्याचा काही उपयोग नसतो. कोडही येणार नाही. त्या काळचे ईसीयू साधारणपणे सर्किट तुटलं किंवा शॉर्ट झालं तरच ओरडतात. ३७ अंश हे अगदी खरं वाटण्याजोगं तापमान आहे.

दहा-बाराचा पाना:
हे पटलं. सेन्सरच्या अर्थ वायरकडेही बघा. बऱ्याच गाड्यांत थ्रॉटल पोझिशन सेन्सर वगैरे त्याच अर्थवर असतात. फक्त एकच रीडिंग चुकत असेल तर दोष कनेक्टरपाशी, सगळीच सरकली असतील तर अर्थमध्ये.

धागाकर्ता:
ईसीयूकडून मोजलं: गरम इंजिन, १.४ किलो-ओहम. वायर हलवली की आकडा नाचतो. कनेक्टरचं रबरी बूट मागे सरकवलं तर एका टर्मिनलवर हिरवट गंज आणि वायरचे निम्मे धागे तुटलेले. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, टर्मिनल जरा आवळून परत बसवलं, आता ३५० च्या खाली येतो. गरम गाडी लगेच बंद-चालू केली तर एका सेल्फला सुरू, धूर नाही. अर्धा तास उभी राहिल्यावर मात्र अजून क्षणभर मिसिंग येतं, पूर्वीच्या मानाने नगण्य. नवीन कनेक्टर पिगटेल (वायरच्या तुकड्यासकट कनेक्टर) टाकायचंय. सोल्डर करू की क्रिंप (दाबून जोड)?

रिटर्न लाइन:
क्रिंप, आणि वरून आत गोंद असलेली हीट श्रिंक नळी. सोल्डर वायरच्या धाग्यांत वर चढून तेवढा भाग ताठ करतो आणि इंजिनाच्या थरथरीने वायर नेमकी त्याच्या कडेला तुटते.

उरलेल्या मिसिंगसाठी गाडी इतके दिवस रिच (जास्त पेट्रोलवर) चालल्याचा हिशोब धरा, प्लग काळे झाले असतील. ते काढून पुसा. चारही सारखे काळे असतील तर विषय संपला. एकच ओला निघाला तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर गळतोय.

दहा-बाराचा पाना:
इंजेक्टर काढण्याआधी दाबाचा गेज लावून बघा. गेज थंड इंजिनावरच जोडायचा, गरम एक्झॉस्टवर पेट्रोल उडालं तर पेट घेतं. अग्निशामक हाताशी ठेवा. मल्टिपॉइंट गाड्यांत साधारण अडीच ते तीन बार दिसायला हवा, तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. इंजिन बंद केल्यावर काटा उष्णतेने आधी थोडा वर गेला तर घाबरू नका. अर्ध्या तासाने किती उरतो ते लिहा.

धागाकर्ता:
गेज एका मित्राकडे आहे. पिगटेल आणि प्लगचं काम उरकलं की रविवारी लावतो आणि आकडे इथेच टाकतो.