पॉटकेटचा बेसबॉल संघ गेला, चूक कोणाची?

नदीकाठची:
पॉटकेट रेड सॉक्स, म्हणजे सगळ्यांचे 'पॉसॉक्स', हा अमेरिकेतल्या बॉस्टन रेड सॉक्स या बड्या बेसबॉल संघाच्या लगेच खालच्या पायरीवरचा संघ. इथे घडलेली पोरं पुढे बॉस्टनला चमकायची. ऱ्होड आयलंडमधल्या पाऊण लाख वस्तीच्या या जुन्या गिरणीगावाकडे मिरवायला तेवढंच होतं. २०२१ पासून संघ शेजारच्या मॅसॅच्युसेट्समध्ये, वुस्टरला खेळतो. २०२० चा निरोपाचा मोसम कोविडने खाल्ला. १९४२ चं मकॉय स्टेडियम २०२५ मध्ये पाडलं.

माझ्या मते राज्याने हा संघ हातचा घालवला. नवं स्टेडियम ८.३ कोटी डॉलरचं होणार होतं. त्यातले ४.५ कोटी मालकांचे, राज्याचे २.३ आणि शहराचे १.५. जानेवारी २०१८ मध्ये राज्याच्या सेनेटने हे मान्यही केलं. पुढे प्रतिनिधिगृहाने स्टेडियमच्या कर्जाला असलेली राज्याची हमी काढून टाकली आणि ऑगस्टमध्ये मालकांनी वुस्टर जाहीर केलं.

मकॉयमध्ये डगआउट, म्हणजे खेळाडूंची बसायची जागा, प्रेक्षकांच्या पायाखाली होतं. मुलं दुधाचा प्लॅस्टिकचा कॅन कापायची, त्यात चेंडू आणि पेन ठेवायची आणि विहिरीत पोहरा सोडावा तसा दोरीने खाली सोडायची. दोरीला हिसका बसला की वर ओढायचं, चेंडूवर सही. माझ्या मुलाने असे सात चेंडू जमवलेत.

हिशेबनीस:
ताई, असहमत. मी वुस्टरलाच राहतो, संघ आमच्या दारात आला, तरी सांगतो की ऱ्होड आयलंडने केलं ते बरोबर केलं. २०१० मध्ये त्याच राज्याने कर्ट शिलिंग या रेड सॉक्सच्याच माजी पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) व्हिडिओ गेम कंपनीला ७.५ कोटी डॉलरच्या कर्जाची हमी दिली. २०१२ मध्ये कंपनी बुडाली आणि बोजा करदात्यांवर आला. पॉटकेटला खेटून असलेल्या सेंट्रल फॉल्स शहराने २०११ मध्ये दिवाळं काढलं, तेव्हा निवृत्त पोलिसांचं आणि अग्निशमनवाल्यांचं पेन्शन कापलं गेलं, काहींचं तर निम्म्याहून जास्त. ज्यांच्या घरी हे घडलं त्यांना स्टेडियमसाठी पैसे कोणत्या तोंडाने मागणार? आमच्याकडे स्टेडियमचा खर्च आधी दहा कोटींच्या आसपास सांगितला होता. शेवटी तो पंधरा कोटींच्या वर गेला.

गिरणगावकर:
दोघंही सरकारवरच का थांबलात? मालक बघा. बेन मॉन्डोर हा कापड गिरण्यांच्या धंद्यातला माणूस. १९७७ मध्ये त्याने संघ घेतला तेव्हा संघाचं दिवाळं वाजलेलं होतं. त्या मोसमात जेमतेम ७० हजार लोक आले. त्याने तिकीट स्वस्त ठेवलं, मैदान स्वच्छ ठेवलं, घरातल्या सगळ्यांनी यावं असं वातावरण केलं. २००५ च्या मोसमात ६,८८,४२१ लोक आले! २०१० मध्ये तो वारला. २०१५ मध्ये संघ गुंतवणूकदारांच्या गटाने घेतला, आणि त्यांची पहिली घोषणा काय, तर संघ राज्याच्या राजधानीत, प्रॉव्हिडन्सला नदीकाठी नेणार. म्हणजे पॉटकेट सोडायचं आधीच ठरलं होतं. माझे आजोबा परळला गिरणीत होते. गिरण्या गेल्यावर तिथल्या माणसांच्या हातात काय उरलं ते मी घरात पाहिलंय. मॉन्डोरने अशाच एका गावाला अभिमानाने सांगायला काहीतरी दिलं होतं.

नदीकाठची:
मॉन्डोरबद्दल शंभर टक्के अनुमोदन. पण हिशेबनीस, तुमच्या हिशेबात १८ एप्रिल १९८१ ची रात्र कुठे बसते? रॉचेस्टरच्या संघाविरुद्धचा, एरवी नऊ इनिंगमध्ये आटोपणारा सामना संपेचना. गारठा इतका की खेळाडूंनी तुटक्या बॅटी पेटवून हात शेकले. पहाटे ४:०७ ला, ३२ इनिंगनंतर २-२ वर खेळ थांबवला, तेव्हा स्टँडमध्ये १९ माणसं होती. २३ जूनला ३३ वी इनिंग १८ मिनिटांत संपली, पॉटकेट ३-२ ने जिंकलं. व्यावसायिक बेसबॉलमधला हा सगळ्यात लांबलेला सामना. वेड बॉग्ज आणि कॅल रिपकेन, पुढे बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या यादीत, हॉल ऑफ फेममध्ये गेलेले दोघंही त्यात होते.

आणि पैसे नव्हते म्हणता, तर त्याच पॉटकेटमध्ये नदीकाठी फुटबॉलच्या स्टेडियमला सरकारी पैसे कसे निघाले? २०२५ मध्ये ते सुरूही झालं.

हिशेबनीस:
फुटबॉलचं मलाही पटलेलं नाही. एकाला नाही म्हटल्यावर दुसऱ्याला हो म्हणायचं कारण लोकांना नीट सांगायला हवं होतं. पण त्या रात्रीची आठवण कितीही मोठी असली तरी तिच्यावर तीस वर्षांचं कर्ज काढता येत नाही, या मतावर मी ठाम आहे.

तुमचा मुलगा इकडे सामन्याला येतो का? तिकिटं मी काढतो.

नदीकाठची:
एकदा आलो होतो. मैदान सुंदर आहे, लोकही चांगले. सातव्या इनिंगला तो म्हणाला, आई, निघू या.