मदत हवी आहे: भाड्याच्या घरातलं पाळणाघर, भोकं न पाडता कपाट भिंतीला कसं धरून ठेवावं?

नमस्कार,

मी घरीच पाळणाघर चालवते. मुलं आठ महिन्यांपासून साडेचार वर्षांपर्यंतची आहेत. एक रांगतंय, दोघं नुकती पावलं टाकायला लागली आहेत आणि बाकीची दिसेल त्यावर चढतात. घर भाड्याचं आहे. घरमालकांनी भिंतीला भोकं पाडू नका असं सांगितलंय आणि माझं सगळं तिथेच अडलंय.

मुलं ज्या खोलीत दिवसभर असतात तिथे पाच खणांचं एक उभं, अरुंद कपाट आहे. एरवी ते नीट उभं असतं. पण वरचे दोन खण एकदम बाहेर ओढले की मागचे पाय हलके झालेले हाताला जाणवतात. खण बाहेर आला की त्याचं वजन पुढच्या पायांच्याही पुढे जातं, त्यात एखाद्या मुलाने खालच्या खणाची पायरी केली तर कपाट पुढे येणारच. शिवाय कपाट छातीवर पडलं तर लेकराचा श्वासच दाबला जातो, त्याला ओरडताही येत नाही. म्हणजे मी शेजारच्या खोलीत असले तर मला आवाजावरूनही कळणार नाही. ही गोष्ट डोक्यातून जात नाही.

आतापर्यंत एवढं केलंय: जड वस्तू सगळ्यात खालच्या खणात नेल्या, कपाटावरची खेळण्यांची टोपली हलवली (वर काही आवडीचं दिसलं की मुलं चढायला जातात), खणांना लहान मुलांसाठीच्या कड्या बसवल्या. दोन बाजूंनी चिकटवायचे पट्टे मिळतात, ते लावू का? भोक लागत नाही म्हणून मोह होतोय.

आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एका पालकांनी त्यांच्या मुलाची जुनी क्रिब (बाळाला झोपवायचा कठड्याचा पलंग) देऊ केली आहे. लाकूड चांगलं आहे, एका बाजूचा कठडा वर-खाली सरकतो, त्यामुळे बाळाला उचलायला सोपं जाईल. घ्यावी का? आणि घरात एक छोटी प्लास्टिकची घसरगुंडी आहे, फरशीवर फोमच्या जोडायच्या चटया टाकून त्यावर ठेवली आहे. एवढं पुरेसं आहे ना?

पालक विश्वासाने मुलं सोडून जातात. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद – रंधा

ताई, मी फर्निचर बनवतो, त्यामुळे कपाटाबद्दल बोलतो.

चिकट पट्ट्यांवर मुलाचा जीव सोपवू नका. ती पट्टी रंगाला चिकटते, भिंतीला नाही. जोराचा हिसका बसला की पट्टी कपाटालाच चिकटून राहते आणि रंगाचा पापुद्रा तिच्यासोबत निघून येतो. ओल धरणारी किंवा चुन्याची भिंत असेल तर हिसक्याचीही गरज नाही. प्लास्टिकच्या बंदांचंही तसंच, काही वर्षांत ते ठिसूळ होतात. अमेरिकेत २०२३ मध्ये कपाट भिंतीला बांधायच्या प्लास्टिकच्या किट याच कारणाने मोठ्या संख्येने परत मागवल्या होत्या. धातूचा अँगल (काटकोनात वाकवलेली पट्टी) किंवा धातूच्या कड्यांचा जाड पट्टा घ्या.

तुम्ही लावलेल्या कड्या काढू नका, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. चार वर्षांचं मूल दोन दिवस बघून कडी उघडायला शिकतं. शिवाय मूल खण न उघडताही मुठीला लोंबकळू शकतं.

घरमालकांशी परत बोला. "भोकं पाडू का" असं न विचारता नेमकं सांगा: कपाटामागे, दिसणार नाहीत अशी दोन भोकं, घर सोडताना पुट्टी भरून रंग लावून देईन, हे लिहून देते. बहुतेकांची हरकत भोकांना नसते, नंतर भिंत कोण दुरुस्त करणार याला असते. तरीही नाहीच म्हणाले तर ते कपाट मुलांच्या खोलीतून बाहेर काढा आणि त्या खोलीचं दार मुलांना उघडता येणार नाही असं करा. तिसरा पक्का मार्ग मला तरी माहीत नाही. मागे भिंतीला घट्ट टेकवून ठेवणं, पुढच्या पायांखाली पाचर घालणं, यांनी डळमळ कमी होते, चढणाऱ्या मुलाचं वजन त्याने पेलत नाही.

प्रतिसाद – अंगणवेल

बरीच वर्षं पाळणाघर चालवते आहे. कपाटाचं वर आलंच आहे, मी बाकीचं सांगते.

ती क्रिब घेऊ नका. सरकत्या कठड्याची कडी किंवा खाच झिजली की कठडा एका टोकाला सुटतो आणि गादी व कठडा यांच्यामध्ये फट तयार होते. बाळ त्या फटीत अडकतं आणि गुदमरतं. अमेरिकेत या प्रकारच्या क्रिबच्या विक्रीवर जून २०११ पासून बंदी आहे, आणि तिथल्या पाळणाघरांना, घरगुती पाळणाघरांनासुद्धा, डिसेंबर २०१२ पर्यंत जुन्या क्रिब बदलाव्या लागल्या. देणाऱ्या पालकांना वाईट वाटेल म्हणून घेऊ नका, त्यांना हेच कारण सांगा. त्यांनाही ती पुढे कोणाला द्यावीशी वाटणार नाही.

दुसरी कुठलीही क्रिब घेताना टेप घेऊन जा. दोन दांड्यांमधलं अंतर ६ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको, कारण बाळाचं अंग त्यातून घसरतं आणि डोकं अडकतं. गादी कडक, सपाट आणि चौकटीत घट्ट बसणारी हवी. कडेला दोन बोटं जात असतील तर ती गादी त्या क्रिबची नाही. कोपऱ्याचे खांब कठड्याच्या वर आलेले नकोत, त्यात कपडा अडकून गळ्याला फास बसतो. एखादा स्क्रू हरवला म्हणून दोरीने बांधलेली क्रिब तर अजिबात नको. आणि आत उशी, जाड पांघरूण, मऊ खेळणी काही ठेवायचं नाही, बाळाला पाठीवर झोपवायचं.

घसरगुंडीबद्दल नाराज व्हाल, पण त्या चटया बसायला-खेळायला आहेत, उंचीवरून पडणाऱ्या डोक्याचा आघात त्या झेलत नाहीत. फरशीवर तर ती नकोच. अंगण असेल तर बाहेर, खाली जाड थराची वाळू किंवा लाकडाचे बारीक तुकडे घालून, चहूबाजूंना कमीत कमी १.८ मीटर मोकळी जागा सोडून ठेवा. नुसतं गवत पुरत नाही, पायाखाली तुडवून ते कडक होतं. अंगण नसेल तर घसरगुंडी घडी करून ठेवून द्या आणि घरात जमिनीलगतच्या मऊ गाद्यांचा उतार करा. मुलांना चढायची हौस भागवायला तेवढं पुरतं.

तुम्ही विचारलं नाही, पण वयं वाचून राहवत नाही. साडेचार वर्षांच्या मुलाचं खेळणं आठ महिन्यांच्या बाळासाठी धोक्याचं असू शकतं. टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून जी वस्तू आरपार जाते ती रांगणाऱ्या बाळाच्या आसपास नको. मोठ्यांची बारीक खेळणी टेबलाची उंची असलेल्या जागीच खेळायची, असा नियम करा. त्याहून जास्त भीती बटणासारख्या चपट्या सेलची वाटते. ते रिमोटमध्ये, गाणाऱ्या खेळण्यांत, वजनकाट्यात असतात. अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून गंभीर भाजू शकतं. झाकणाला स्क्रू नसलेलं प्रत्येक खेळणं बाहेर काढा. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवायची नाही, लगेच दवाखाना गाठायचा.

प्रतिसाद – ओसरी

खिडकीच्या पडद्यांची लोंबणारी दोरीही बघा. लूप असेल तर दोरी नसलेले पडदे लावा, तोवर दोरी उंच खुंटीला गुंडाळून ठेवा. आणि खिडकीखाली खुर्ची, खेळण्यांची पेटी असं चढता येणारं काहीच नको. तुमच्याकडे वॉकर असेल तर तोही काढून टाका. कॅनडात तर २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. क्रिबला नकार दिला, पालकांना कारण पटलं. घसरगुंडी घडी करून माळ्यावर गेली. मुलं दोन दिवस विचारत होती, आता गाद्यांच्या उतारावर रमली आहेत.

रंधा, तुम्ही सांगितल्याप्रमाणे घरमालकांना लिहून दिलं आणि ते दोन भोकांना तयार झाले! पण आता मलाच धास्ती वाटते. भिंतीवर ठोकलं तर एका भागात पोकळ आवाज येतो, दुसरीकडे भरीव. आणि कपाटाला अँगल मागच्या बाजूला नेमका कुठे लावायचा?

प्रतिसाद – रंधा

छान झालं. पोकळ आवाज येतो ती बहुधा बोर्डाची भिंत आहे. तिथे साधा प्लग (भोकात बसवायची, स्क्रू धरून ठेवणारी प्लास्टिकची नळी) धरणार नाही, आतला उभा सांगाडा शोधून त्यातच स्क्रू जायला हवा. त्यापेक्षा कपाट भरीव बाजूला सरकवा, काम सोपं होईल. तिथेही आखूड स्क्रू नुसता प्लास्टरमध्ये राहतो आणि ओढ बसली की ढेप निघून येते. प्लास्टरच्या पलीकडे, विटेत प्लग पूर्ण गेला पाहिजे. ड्रिल करण्याआधी विजेची तार आणि पाण्याचा पाइप कुठून जातो ते घरमालकांना विचारून घ्या.

कपाटाच्या पाठीला जी पातळ प्लायची फळी असते तिला अँगल लावू नका, ती खिळ्यांसकट सुटते. वरच्या फळीखाली आडवी जाड पट्टी असते, अँगल तिथे, डाव्या आणि उजव्या टोकाला एकेक. पट्टा लावलात तर तो ताणलेला हवा, ढिला असेल तर कपाट तेवढं पुढे येऊन हिसका देतं.

बसवून झाल्यावर मुलं घरी गेल्यावर वरचे खण उघडा आणि कपाट दोन्ही हातांनी पुढे ओढून बघा. अजिबात हलता कामा नये. दर महिन्याला हेच करा, आणि त्याच दिवशी खुर्च्यांचे, हायचेअरच्या पट्ट्यांचे, क्रिबचे स्क्रूही आवळून घ्या. एका मुलासाठी बनलेलं सामान पाळणाघरात पाच-सहा जण वापरतात, ते लवकर ढिलं होतं. भिंतीचा फोटो टाकता आला तर टाका, प्लग कोणत्या मापाचा घ्यायचा ते सांगतो.