मदत हवी आहे: जुन्या ट्रकचा सेल्फ (स्टार्टर) जोरात फिरतो, पण इंजिन उचलत नाही

नमस्कार मंडळी.

आमचा सहाचाकी ट्रक 1998 चा आहे. सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, लाइन पंप (नोझलना दाबाने डिझेल देणारा मोठा पंप), सगळं मेकॅनिकल. सेन्सर नाही, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) नाही. गाडी वडिलांची. मी चालवत नाही, हिशोब आणि कागदपत्रं बघते. स्टिअरिंगवर माझा चुलतभाऊ असतो. गाव माळशिरस तालुक्यात, आणि गाडी हंगामात फक्त ऊस ओढते.

मार्चअखेर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, तेव्हा गाडी स्वतःच्या चाकांवर घरी आली आणि गोठ्यामागे उभी राहिली. पावसाळाभर तिथेच. टाकी अर्धी होती. दसऱ्याला धुतली, हार घातला, नारळ फोडला आणि सेल्फ मारला. इंजिन फिरलं, पण उचललं नाही. त्या दिवसापासून आज पाचवा दिवस.

दोन्ही बॅटऱ्या चार्ज करून आणल्या. मीटरवर 25.2 व्होल्ट दाखवतात, सेल्फ मारताना 21 च्या खाली जात नाहीत. इंजिन चांगल्या वेगाने फिरतं. सायलेन्सरमधून धूर अजिबात येत नाही, पांढरा नाही की काळा नाही. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हात पंप मारला की डिझेलऐवजी फेस येतो. अर्धा तास मारला तरी फेसच.

वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, धुळीत जायचं नाही आणि वाकायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. ते ओसरीवर बाजेवर बसून ऐकतात. पहिल्याच दिवशी म्हणाले, "आवाज कोरडा आहे. डिझेल पोचत नाही." त्यापुढचं त्यांना तिथून बसून सांगता येत नाही, आणि त्याचाच त्यांना जास्त त्रास होतोय.

एक मिस्त्री येऊन गेले. त्यांनी लाइन पंप उतरवायला सांगितला, खर्च 35 हजारांच्या घरात. दुसरे म्हणाले, एअर क्लीनरच्या तोंडाशी पेट्रोलचा बोळा धरा. पंप उतरवण्याआधी आम्ही घरी काय काय तपासू शकतो? बीडची ऊसतोड टोळी भाऊबीज झाली की निघते, त्यांना उचल (आगाऊ पैसे) देऊन बसलोय. गाडी उभी राहिली तर त्यांनाही बसून राहावं लागेल.

जुनाफिटर

ताई, पेट्रोलचा बोळा नको. चार गचके मिळतील आणि इंजिनात कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) आहे एवढंच कळेल. त्यापायी रिंगा तुटतील, कुणाचं तरी तोंड भाजेल. पंपही आत्ता उतरवू नका.

गाडी उभी केली तेव्हा चालू होती, ही तुमच्याकडची सगळ्यात मोलाची माहिती. उभ्या गाडीचं टायमिंग (डिझेल सोडायची वेळ) हलत नाही आणि कॉम्प्रेशनही एकदम जात नाही. उभ्या गाडीत डिझेल खराब होतं, रबर तडकतं आणि जिथे काही सरकतं तिथे गंज धरतो. शोध तिथेच घ्यायचा.

आता धुराचं. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. दाबलेली हवाच इतकी तापते की आत आलेलं डिझेल पेट घेतं. फिरणाऱ्या इंजिनातून पांढरा धूर येत असेल तर डिझेल आत जातंय पण जळत नाही. मग नोझल, टायमिंग, कॉम्प्रेशन बघायचं. धूरच नसेल तर डिझेल आत जातच नाही. तुमच्या वडिलांनी कानाने हेच ओळखलंय.

डिझेल टाकीतून निघतं, फीड पंपात (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) येतं, तिथून फिल्टर, मग मोठा पंप म्हणजे लाइन पंप, मग नोझल. कुठवर येतं ते बघत पुढे जायचं. फेस येतोय म्हणजे फीड पंपाच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला कुठेतरी हवा ओढली जातेय. त्या बाजूला पाइपात दाब नसतो, ओढ असते. त्यामुळे चीर असली तरी डिझेल गळत नाही, थेंबही दिसत नाही, फक्त हवा आत जाते. लोक गळती शोधत बसतात आणि फसतात.

टाकीच बाजूला काढा. पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये नवं डिझेल घ्या, कॅन पंपाच्या वर, मडगार्डवर ठेवा, आणि पारदर्शक नळीने थेट फीड पंपाच्या तोंडाला जोडा. मग स्क्रू सोडून हात पंप मारा. फेस थांबला तर दोष टाकी ते फीड पंप यांच्या मधे. नाही थांबला तर फीड पंपाखालच्या वाटीचं वायसर बघा.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांच्या वर नको. मधे दोन मिनिटं थांबा. सेल्फ जळाला तर नवं दुखणं.

घाटरस्ता

टाकीचा खालचा प्लग सोडून पहिलं दोन लिटर काचेच्या बाटलीत धरा आणि रात्रभर ठेवा. अर्धी टाकी पावसाळाभर उभी म्हणजे पाणी असणारच.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. आजचं सांगते.

बाटली रात्री ओट्यावर ठेवली होती. सकाळी खाली चार बोटं पाणी, त्यावर काळपट सायीसारखा चिकट थर आणि वर डिझेल. बाटली वडिलांना दाखवली. त्यांनी ती उजेडाकडे धरून बराच वेळ बघितली आणि म्हणाले, "मी पट्टा पडला की टाकी गच्च भरून ठेवायचो. यंदा राहिलं." राहिलं कारण मार्चमध्ये पैसे मीच दुसरीकडे वळवले होते.

टाकी पूर्ण रिकामी केली, धुतली, दोन्ही फिल्टर नवे घातले. मग कॅन लावला. पहिल्या वीस-पंचवीस हातांत फेस आला, मग मोठे बुडबुडे, मग एकदम काचेसारखं स्वच्छ डिझेल. स्क्रू आवळला तसा हात पंपाला जोर लागायला लागला. आम्हाला वाटलं, जमलं.

सेल्फ मारला. इंजिन तसंच फिरलं. धूर नाही. वडील ओसरीवरून म्हणाले, "अजून कोरडंच आहे."

जुनाफिटर

वडिलांना माझा नमस्कार सांगा.

डिझेल आता मोठ्या पंपाच्या दारात आलंय. आत जाऊन बाहेर पडतंय का ते बघू. नोझलवरचे पाइपाचे नट 17 नंबरच्या पान्याने दीड आटा ढिले करा, सहाही. काढायचे नाहीत. भावाला सेल्फ मारायला सांगा आणि तुम्ही लांबून बघा. चष्मा लावा, नटाजवळ बोट नेऊ नका. दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं आणि ती जखम बाहेरून दिसते त्यापेक्षा फार वाईट असते. प्रत्येक नटापाशी डिझेल ठिबकलं पाहिजे. पंप ते पाळीपाळीने देतो.

एखाद्या नटाला नसेल तर पंपातल्या त्या एका एलिमेंटचं (त्या सिलिंडरला डिझेल ढकलणारा भाग) किंवा डिलिव्हरी वॉल्वचं दुखणं. सहाही कोरडे असतील तर पंप खराब म्हणायच्या आधी स्टॉपर बघा. केबिनमधली जी दांडी ओढून तुम्ही गाडी बंद करता, तिची केबल पंपाच्या मागच्या लिव्हरला येते. तो लिव्हर बंदच्या बाजूला अडकला असेल तर पंप कितीही फिरू द्या, डिझेल देणार नाही. गाडी बंद करून उभी केली होती, हे विसरू नका. शेवटचा हात त्या दांडीलाच लागला होता.

कोयनाकाठ

सहाही कोरडे असले तर पंपाची कपलिंग फिरते का तेही बघा. बोल्ट तुटून पंप जागेवर उभा राहिलेला मी पाहिलाय.

धागाकर्ती

सहाही कोरडे. कपलिंग फिरतेय, टॉर्च लावून बघितली.

स्टॉपरची दांडी भावाने आत-बाहेर करून दाखवली, लोण्यासारखी सरकत होती. म्हणून आम्ही तिच्याकडे इतके दिवस वळून बघितलं नव्हतं. आज मी बोनेटमध्ये डोकं घातलं आणि त्याला दांडी आत ढकलायला सांगितली. लिव्हर हलला नाही. हललं ते केबलचं बाहेरचं कव्हर. ते जिथे चिमट्याने घट्ट धरलेलं असतं तो चिमटा गंजून तुटलाय, त्यामुळे दांडी आत गेली की आतली तार लिव्हरला ढकलण्याऐवजी कव्हरच मागे सरकतं. केबिनमध्ये बसलेल्याला मात्र वाटतं की सगळं व्यवस्थित चाललंय.

केबल लिव्हरवरून सोडली. लिव्हर हाताने ढकलून बघितला तर दगडासारखा बसलाय. हातोडीचा एक ठोका देऊ का, असं भाऊ विचारतोय. मी थांबवलंय.

जुनाफिटर

ताई, थांबवलंत ते फार बरं केलंत. ठोका द्यायचा नाही. लिव्हरच्या शाफ्टच्या मुळाशी गंज सोडवायचं तेल सोडा, रात्रभर मुरू द्या. सकाळी हाताने किंचित पुढे, किंचित मागे असं करत राहा. सुटेल.

आता जे सांगतो ते नीट वाचा. लिव्हर सुटला म्हणून लगेच सेल्फ मारू नका. पंपाच्या आतला रॅकही (डिझेल किती जायचं ते ठरवणारी सरकती पट्टी) चिकटलेला असू शकतो. तो भरपूर डिझेलच्या बाजूला अडकला आणि इंजिन उचललं, तर ते आपोआप रेस होत जाईल आणि किल्ली फिरवून थांबणार नाही, कारण या इंजिनाला चालायला किल्ली लागतच नाही. तुमच्या पंपाला बाजूला दोन स्क्रूंचं झाकण असेल तर ते उघडा. आत रॅक दिसतो. लिव्हर हलवल्यावर तो दोन्ही बाजूंना मोकळा सरकतो का ते डोळ्यांनी बघा. शिवाय हवा आत येण्याची नळी आधीच सोडून ठेवा, आणि तोंडावर दाबायला जाड फळी घेऊन एक माणूस तिथे उभा करा. हात किंवा कापड नाही, फळीच. लिव्हरने बंद झालं नाही तर हवा तोडून बंद करायचं.

धागाकर्ती

काका, झालं.

लिव्हर सकाळी आठला सुटला. झाकण उघडलं तर रॅकवर पिवळट चिकटा बसला होता, वाळलेल्या डिंकासारखा. स्वच्छ डिझेल सोडत सोडत, लिव्हर मागे-पुढे करत तासभर गेला. आधी रॅक अडखळत सरकत होता, मग एका क्षणी लिव्हर सोडल्याबरोबर स्वतःहून टक्कन परत गेला. तो आवाज मी चार वेळा मुद्दाम ऐकला. झाकण लावलं.

चुलते फळी घेऊन उभे राहिले. नट ढिले ठेवून सेल्फ मारला, सहाही नटांपाशी डिझेल ठिबकलं. नट आवळले. दुसऱ्या सेल्फला सायलेन्सरमधून पांढरा धूर निघाला, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. तिसऱ्या सेल्फला दोन सिलिंडरांनी धरलं, गाडी सगळी थरथरली, मग बाकीच्यांनी धरलं. मी लगेच लिव्हर मागे ओढला, बंद झाली. परत चालू केली, परत बंद केली. तिसऱ्यांदा चालू ठेवली.

हवा कुठून येत होती तेही सापडलं. चेसिसवरून पाइप पलीकडे जातो तिथल्या रबरी नळीला क्लिपच्या खाली चीर होती. वरून काही दिसत नव्हतं, नळी हातात घेऊन वाकवल्यावर ती तोंड उघडते. नळी बदलली, तांब्याची वायसरं नवी घातली, आता डिझेल टाकीतूनच ओढतेय. स्टॉपरची केबल आणि चिमटा नवा. सगळं मिळून 4 हजारांच्या आत, त्यात फिल्टर आले.

म्हणजे दोष दोन होते. फक्त हवा काढली असती तरी इंजिन उचललं नसतं, आणि तेव्हा आम्ही नक्की पंप उतरवला असता.

एक शंका उरलीय. वडील काळा चष्मा लावून गाडीपासून दहा पावलांवर येऊन उभे राहिले. पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "तिसरं मारत नाही." मला काही वेगळं ऐकू येत नाही. गाडी रिकामी जाऊन आली, ओढतेय बरी. काय करू?

जुनाफिटर

आनंद झाला. आता इंजिन रिकाम्या रेसवर ठेवा आणि नोझलचे नट एकेक करून ढिले करून परत आवळा. चालू सिलिंडरचा नट ढिला केला की इंजिन दबतं, आवाज बदलतो. ज्याचा नट ढिला करूनही फरक पडत नाही, ते सिलिंडर काम करत नाही. चष्मा लावा.

धागाकर्ती

पहिला ढिला केला, दबलं. दुसरा, दबलं. तिसऱ्याला काहीच फरक नाही. चौथा, पाचवा, सहावा, तिघांनाही दबलं.

वडिलांना सांगितलं तर म्हणाले, मग मी काय सांगत होतो. तिसरं नोझल काढून टेस्टला पाठवू, की सहाही पाठवू? टोळी यायला अजून नऊ दिवस आहेत.

जुनाफिटर

सहाही पाठवा. ते पाणी आणि तो चिकटा सगळ्यांच्याच वाट्याला आलाय. टेस्टवाल्याला प्रत्येकाचा दाब कागदावर लिहून द्यायला सांगा, आणि बसवताना जुनं वायसर तळाशी चिकटून राहिलं नाही ना ते टॉर्चने बघा. नोझलवर खडूने नंबर टाकून मगच काढा. वडील जवळपास असतील तर त्यांना खुर्ची द्या, आणि पहिला सेल्फ त्यांच्यासमोर मारा.