'फ्लॅशेस', 'फ्लोटर्स'ला मराठीत काय म्हणता? काजवे, माशा, अंधारी, तिरमिरी...

पाणवठा:
आमच्या तालुक्यात डोळे तपासणीचं शिबिर आहे, त्याचं एकपानी पत्रक मराठीत करायचं काम माझ्याकडे आलंय. मजकूर एवढाच, की अचानक फ्लॅशेस (डोळ्याच्या कडेला चमक) दिसायला लागले, फ्लोटर्स (नजरेपुढे तरंगणारे ठिपके, धागे) एकदम वाढले किंवा नजरेच्या एका बाजूला पडदा आल्यासारखं झालं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. आधीच्या मसुद्यात कुणीतरी 'प्रकाशस्फुरण' आणि 'प्लवक' लिहून ठेवलंय. मी ते खोडून 'डोळ्यापुढे काजवे चमकणे' केलं तर शिबिरातल्या ताई म्हणाल्या, काजवे चमकतात ते कानाखाली बसल्यावर, नाहीतर उपाशीपोटी उन्हातून आल्यावर. आमच्याकडे मात्र आजी डोळ्याच्या कडेला लख्खकन काही दिसलं तरी काजवेच म्हणायची. तुमच्याकडे काय म्हणतात?

शब्दवेल्हाळ:
'प्लवक' नकोच. विज्ञानाच्या पुस्तकात समुद्रातल्या तरंगत्या सूक्ष्मजीवांना प्लवक म्हणतात, वाचणाऱ्याला वाटेल डोळ्यात जंतू झालेत. पण 'प्रकाशस्फुरण' काय वाईट आहे? महापौर, दिनांक हे शब्दसुद्धा सावरकरांनी दिले तेव्हा नवेच होते, आज कुणाला खटकतात का? शब्द वापरलाच नाही तर रुळणार कधी? फ्लोटर्सना 'तरंगबिंदू' करा, अर्थ लगेच कळतो.

चष्माघर:
मी डोळ्यांच्या ओपीडीत काम करते. तरंगबिंदू दिसतात असं सांगत आजवर एकही पेशंट आलेला नाही. माशी फिरते, चिलट आडवं येतं, केस आलाय पण पुसला तरी जात नाही, जाळं धरलंय, असं सांगतात. आणि हे सगळे शब्द बरोबर आहेत, कारण डोळ्याच्या आत जी पारदर्शक जेली असते (९९ टक्के पाणीच), ती वयाप्रमाणे पातळ होते, आकसते, तिच्यातल्या गुठळ्यांची सावली डोळ्याच्या मागच्या पडद्यावर (रेटिनावर) पडते, ती नजरेबरोबर हलते म्हणून माशीसारखी वाटते. जेली पडद्यापासून सुटताना त्याला ओढ बसते. पडद्याला दुखणं कळत नाही, त्याला फक्त उजेड कळतो, म्हणून ओढ बसली की कडेला वीज चमकल्यासारखं दिसतं, अंधारात जास्त. पन्नाशीनंतर हे बऱ्याच जणांना होतं आणि बहुतेकांचं तेवढ्यावरच थांबतं. काहींचा मात्र पडदा फाटतो, त्या फटीतून पाणी मागे शिरतं आणि पडदा सुटायला लागतो. नुसती फट असताना आलात तर बहुतेक वेळा लेझरने भागतं, माणूस त्याच दिवशी घरी. सुटल्यावर ऑपरेशन. मायनसचा मोठा नंबर, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्याला मार लागलेला, घरात कुणाचा पडदा सुटलेला, अशांनी तर एक दिवससुद्धा थांबू नये. दुखत नाही म्हणून लोक आठवडा काढतात, त्याचा मला फार त्रास होतो.

जुनापोथीवाला:
'माशा'ला तर मोठी परंपरा आहे! सुश्रुतसंहितेत तिमिर रोगाच्या वर्णनात रोग्याला मक्षिका, मशक, केश, जाळी दिसतात असंच दिलंय. लॅटिनमध्येसुद्धा याला उडत्या माशा म्हणतात. आणि माझं मत विचाराल तर आपली 'तिरमिरी' या तिमिरातूनच आली.

कृष्णाकाठ:
तिरमिरी आणि तिमिर? आमच्याकडे साताऱ्याला तिरमिरी येते ती रागाची, 'तिरमिरीत उठला आणि निघून गेला'. डोळ्यांचा काय संबंध. भिरभिर, चुरचुर तसाच तो नादावरून आलेला शब्द आहे.

जुनापोथीवाला:
हिंदीत 'तिरमिरा' बघा, डोळ्यांपुढे दिसणारे चमकते ठिपके. राग नंतर आला.

मालवणी मुलूख:
काजव्याक आमच्याकडे काजुलो म्हणतत, कोकणीतही तोच. काजळी रात्री दिसता म्हणून काजुलो असा माझो अंदाज.
पण मला दुसरंच सांगायचंय. आमचे वडील 'अंधारी येते' म्हणायचे. अंधारी म्हटल्यावर घरात सगळ्यांना एकच सुचलं, बीपी, अशक्तपणा. मीठ-साखरेचं पाणी दिलं, बीपी मोजून घेतलं, ते व्यवस्थित. एक दिवस पेपर वाचताना सहज उजवा डोळा चोळला तेव्हा त्यांना कळलं की डाव्या डोळ्याने पानाचा खालचा भाग दिसतच नाहीये. पडदा सुटला होता आणि मधल्या भागापर्यंत गेला होता. ऑपरेशन झालं, पण त्या डोळ्याने आता माणसं ओळखू येतात, अक्षरं नाहीत. म्हणून पत्रकात 'अंधारी' हा शब्द घालू नका हो, तो शब्द ऐकला की माणूस लिंबूसरबत करायला धावतो.

सईची_आई:
मला अर्धशिशी आहे. डोकं दुखायच्या आधी करवतीच्या दात्यांसारखी चमचमती रेघ दिसते, हळूहळू मोठी होत कडेला जाते, वीस-पंचवीस मिनिटांत संपते. दोन्ही डोळे मिटले तरी दिसते. याला मराठीत काय म्हणायचं ते मला कधीच सापडलं नाही, अर्धशिशी म्हटलं की लोकांना फक्त डोकेदुखी कळते. घरी मी 'झगमग' म्हणते. पहिल्यांदा झालं तेव्हा डॉक्टरांना दाखवलं होतं, ते प्रत्येकाने दाखवावंच.

चष्माघर:
दाखवलंत ते फार बरं केलंत. तुमची रेघ मेंदूतून येते म्हणून दोन्ही डोळ्यांना दिसते, आणि उठताना येणारी अंधारीही दोन्हीकडे, क्षणभर. पडद्याचं दुखणं सहसा एकाच डोळ्यात. म्हणून पाणवठा, शब्द कुठलाही घ्या, पण 'एकेक डोळा झाकून बघा' हे वाक्य ठळक टाका. एका डोळ्याची नजर काही मिनिटं गेली आणि परत आली तरी 'आता बरं वाटतंय' म्हणून घरी बसायचं नाही, तो रक्तपुरवठ्याचा प्रश्न असू शकतो, अर्धांगाच्या आधीची सूचना असते ती. दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी कडी, डोळा ठणकतोय, उलटी होतेय, तर काचबिंदूचा झटका असू शकतो. आणि येताना कुणाला तरी बरोबर आणा म्हणावं, बाहुली मोठी करायचे थेंब घातले की काही तास गाडी चालवता येत नाही.

शब्दवेल्हाळ:
मग 'पडदा आला'चं काय करणार? गावात डोळ्यावर पडदा आला म्हणजे मोतीबिंदू. तो पिकू दे मग बघू, असं म्हणत लोक वर्ष वर्ष काढतात. तुम्ही 'पडदा' लिहिलात की तोच अर्थ घेणार. इथे तरी नवा शब्द लागेलच. 'दृष्टिपटल' वापरा.

चष्माघर:
दृष्टिपटल वाचून कुणी एसटी पकडणार नाही. 'एका बाजूने काळी सावली सरकत येणे' लिहा.

पाणवठा:
सावली चांगलंय, घेतो. माशा, चिलटंही घेतो. काजव्यांचं मात्र अजून ठरत नाहीये, 'कडेला वीज चमकल्यासारखे' लिहिलं तर लोक बाहेरची वीज समजतील का?

कृष्णाकाठ:
'डोळे मिटले तरी' हे जोडा, मग नाही समजणार. पण ते तिमिराचं मला अजिबात पटलेलं नाही. उन्हाची तिरीप डोळ्यावर येते तेव्हा जे होतं ते बघा. तिरीप, तिरपा, तिरमिरी हे एका घरातले नसतील कशावरून? वऱ्हाडातलं कुणी आहे का इथे, तुमच्याकडे तिरमिरी रागाची की चकराची?